वीस बाजूंचा फासा आणि मृगजळ

शारजाहून हमरियाला यायचं तर वाटेत अजमान लागतं. म्हणजे एका अमिरातीतून निघायचं, दुसरी ओलांडायची आणि परत पहिल्याच अमिरातीत शिरायचं. हमरिया हा शारजाचाच तुकडा, पण अजमान आणि उम्म अल कुवेन यांच्या मधे समुद्राकाठी सुटा पडलेला. १९९५ साली तिथे फ्री झोन काढला, चौदा मीटर खोलीचं बंदर केलं. मग तेलाच्या टाक्या आल्या, पोलादाची फॅब्रिकेशन यार्डं आली, आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्यासारखे वेल्ड तपासणारे लोक आले.

उन्हाळ्यात दुपारी ह्या रस्त्यावर रोज पाणी दिसतं. गाडीच्या पुढे दोनेकशे मीटरवर डांबर ओलं झालेलं, त्यात समोरच्या ट्रकचे दिवे उलटे पडलेले. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, प्रकाश वाकतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो, हे शाळेत परीक्षेपुरतं लिहिलं होतं. पहिल्या वर्षी मात्र माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आता इतकी वर्षं झाली, कारण माहीत आहे, तरी पाणी दिसायचं थांबलेलं नाही. फक्त पाय ब्रेकवर जात नाही, एवढाच फरक.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक खेळ. त्या खेळात ह्याच प्रश्नावर पन्नास वर्षं नियम लिहिले गेले, खोडले गेले, परत लिहिले गेले. प्रश्न असा: डोळ्यांना दिसतंय ते खोटं आहे, असं म्हणायची संधी माणसाला कधी मिळते?

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतल्या बऱ्याच पोरांना तो आता माहीत आहे, पण माझ्या वयाच्या लोकांना थोडं सांगावं लागेल. ह्यात सारीपाटासारखा ठरलेला पट नाही. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगत जातो: तुम्ही गुहेत शिरलात, समोर दरी आहे, पलीकडे काहीतरी हलतंय. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं. कोणी लढवय्या, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आपलं पात्र काय करतं ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकायचा. त्यातला मुख्य फासा वीस बाजूंचा. लहानपणी वीरधवल वाचून ज्यांची झोप उडाली होती, त्यांना ह्यात काय मजा असते ते वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे हा खेळ आणला तो आमच्या फिलिपिनो ड्राफ्ट्समनने. साल २००६. शुक्रवार ही आमची आठवड्यातली एकुलती एक सुट्टी. सकाळी कपडे धुवायचे, दुपारी घरी फोन करायचा, आणि संध्याकाळी अजमानच्या भाड्याच्या फ्लॅटमधे गादीवर मांडी घालून हा खेळ. ड्राफ्ट्समन सूत्रधार, खेळाडू आम्ही तिघं: मी, स्टोअरचा मल्याळी, आणि साताऱ्याचा एक वेल्डिंग इन्स्पेक्टर, ज्याला सगळे सातारकरच म्हणत. भाषा अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, आणि भांडताना ज्याची त्याची.

एका शुक्रवारी गुहेत ड्रॅगन निघाला. सातारकर मांडीवर थाप मारून म्हणाला, "माझा विश्वास नाही. हा खोटा आहे."

"कशावरून?" सूत्रधाराने विचारलं.

"मागच्या शुक्रवारीही खोटाच होता."

"तसं चालणार नाही. दगड मार, जवळ जा, वास घे, काहीतरी कर. मग फासा देतो."

"आणि जवळ गेलो नि खरा निघाला तर?"

"तोच तर खेळ आहे," सूत्रधार म्हणाला.

त्यावर तासभर वाद झाला. सातारकरचं म्हणणं, मनातल्या मनात शंका घ्यायला पैसे पडत नाहीत, मग फासा का नाही? मी त्या रात्री ड्राफ्ट्समनची पुस्तकं घेऊन बसलो. पुढे जुनी पुस्तकंही मिळवून वाचली. त्यातून जी हकीकत हाती आली ती अशी.

ज्या फाशाबद्दल वाद झाला त्याला खेळात 'सेव्हिंग थ्रो' म्हणतात. आखातात सेव्हिंग म्हटलं की लोकांना पगारातली शिल्लक आठवते, पण इथे अर्थ वाचण्याचा. संकट तर आलंच आहे, आता वाचायची एक शेवटची संधी. ह्या कल्पनेचा उगम जादूत नाही, लढाईत आहे. ब्रिटनमधे टोनी बाथ नावाचे गृहस्थ खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम लिहीत. १९५० च्या दशकात त्यांनी अशी सोय ठेवली की बाण लागला तरी सैनिक लगेच मेला असं धरायचं नाही. आणखी एक फासा टाकायचा. अंगावर चिलखत जाड असेल तर वाचायची शक्यता जास्त.

हे नियम अमेरिकेतल्या हौशी लोकांपर्यंत पोचले. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स राहत. ते विमा कंपनीत जोखीम मोजायचं काम करत. ती नोकरी गेल्यावर घरात बसून बूट दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहीत. १९७१ साली जेफ पेरन यांच्याबरोबर त्यांनी 'चेनमेल' नावाचं मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं आणि त्याच्या शेवटी मांत्रिक, ड्रॅगन वगैरेंची पुरवणी जोडली. मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन यांनी त्या काळात फौजांऐवजी एकेका माणसाची गोष्ट खेळायला सुरुवात केली होती. दोघांनी मिळून १९७४ च्या जानेवारीत डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला. तीन पातळ पुस्तिका, एक खोका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. वीस बाजूंचे फासे दुकानात मिळत नव्हते. शाळांना भूमितीचे ठोकळे पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीकडून ते मागवावे लागत.

त्या पुस्तिकांत सेव्हिंग थ्रोचे पाच रकाने होते: विष किंवा मृत्युकिरण, जादूच्या कांड्या, दगड होणं, ड्रॅगनचा फूत्कार, आणि शेवटी मंत्र. चिलखतापासून निघालेली कल्पना सुमारे दोन दशकांत मंत्रापर्यंत आली. आता प्रश्न उभा राहिला की मंत्रातून माणूस वाचतो म्हणजे नेमका कसा वाचतो? गायगॅक्सनी १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात ह्यावर एक मजेशीर उदाहरण दिलं आहे. लढवय्या खडकाला साखळदंडाने बांधला आहे आणि ड्रॅगन त्याच्यावर आग ओकतो. त्याला फासा द्यायचा का? गायगॅक्स म्हणतात, द्यायचा. फासा चांगला पडला तर समजा की शेवटच्या क्षणी खडकात एक खबदाड सापडलं, नाहीतर बेडीची कडी कच्ची निघाली. आधी निकाल, मग त्याचं कारण शोधा. विमा कंपनीत जोखीम मोजलेल्या माणसाला हे सुचावं ह्याचं मला नवल वाटत नाही. शक्यता कधीच पूर्ण शून्य धरायची नाही, हा त्यामागचा विचार.

पण आग आणि विष यांचं एक बरं असतं. संकट आलं आहे हे तरी कळतं. नजरबंदीचं तसं नाही. (इल्यूजन ह्या शब्दाला मला मराठीत हाच शब्द आवडतो. गारुडी जत्रेत जी करतो ती.) नजरबंदीत संकट आहे हेच कळत नाही. मग फासा टाकायचा तरी कधी? सूत्रधार म्हणाला "आता फासा टाक", की समोरच्याला लगेच कळलं, इथे काहीतरी खोटं आहे. आणि टाकूच दिला नाही, तर बिचाऱ्याला वाचायची संधीच नाही. ह्या पेचातून बाहेर पडायचा प्रयत्न म्हणजेच नियमाचा पुढचा सगळा इतिहास.

१९७४ च्या पहिल्या पुस्तिकांत नजरबंदीचा मंत्र होता आणि त्याच्या वर्णनात सेव्हिंग थ्रोचा उल्लेखही नव्हता. मांत्रिकाच्या कल्पनेतली जवळपास कुठलीही गोष्ट समोर उभी राहणार, त्याचं चित्त एकाग्र आहे तोवर टिकणार, आणि एखाद्या जिवंत प्राण्याने तिला स्पर्श केला की संपणार. आणि एक भयंकर वाक्य: बघणाऱ्याने ती खरी मानली तर तिच्यापासून होणारी इजाही खरी. म्हणजे पहिला उपाय अगदी साधा होता. हात लावा.

पुढच्याच वर्षी, १९७५ मधे, पीटर अ‍ॅरन्सन नावाच्या एका खेळाडूने कंपनीच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' ह्या पत्रिकेत फक्त नजरबंदीच करणाऱ्या मांत्रिकाचे नियम लिहून दिले. तो वर्ग लोकप्रिय झाला आणि १९७८ च्या मोठ्या नियमपुस्तकात त्याला जागा मिळाली. त्याच पुस्तकात नजरबंदीच्या मंत्राला पहिल्यांदा नीट सेव्हिंग थ्रो लागला. जो कोणी 'हे खरं नाही' असं मानेल त्याला फासा. आणि त्यात माझं सगळ्यात आवडतं कलम: एकाला खरं काय ते दिसलं आणि त्याने ते सोबत्यांना नीट समजेल असं सांगितलं, तर सोबत्यांच्या फाशाला चार जादा गुण. फाशात, चिलखतात, मंत्रात कुठेही नसलेली एक गोष्ट ह्या कलमात आहे. सांगणारा माणूस.

पण त्या नियमाला एक फट होती आणि जगभरच्या सातारकरांनी ती लगेच हेरली. शंका घेणं फुकट असेल तर प्रत्येक गोष्टीवर घ्या की! भिंत दिसली, "माझा विश्वास नाही." राक्षस दिसला, "माझा विश्वास नाही." खानावळीचा मालक बिल घेऊन आला, "माझा विश्वास नाही." १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने ही फट बुजवली. अविश्वास दाखवायचा तर ती पूर्ण खेळी त्यातच खर्च होणार. पळता येणार नाही, ढाल उचलता येणार नाही, वार करता येणार नाही. आणि समोरचं खरंच निघालं, तर तुम्ही त्याच्यापुढे निःशस्त्र उभे आहात असं धरलं जाणार.

हे वाचलं तेव्हा मला मयसभा आठवली. महाभारतातलं सभापर्व काढून बघा. मयासुराने पांडवांना बांधून दिलेल्या सभेत दुर्योधन हिंडतोय. स्फटिकाची फरशी बघून त्याला वाटतं पाणी आहे, म्हणून तो वस्त्रं सावरून चालतो आणि हसं होतं. मग पुढे खरंच पाणी येतं. त्याला वाटतं ही पण फरशीच, आणि तो धपकन आत पडतो. आपण ही गोष्ट सांगताना द्रौपदी हसली की भीम हसला ह्यावरच घुटमळतो. पण गंमत अशी की दुर्योधनाच्या चुका दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिल्यांदा खोट्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा, पहिल्या फजितीमुळे, खऱ्यावर ठेवला नाही. पहिलीत फक्त हसू झालं, दुसरीत तो भिजला. आणि पुढे त्याच पर्वात ह्या अपमानाचा सूड घ्यायला फासेच आणले गेले.

दुसऱ्या प्रकारची चूक मी स्वतः केली आहे. ही गोष्ट आजवर घरी सांगितलेली नाही.

एका मोठ्या टाकीचं आतून रंगकाम चालू होतं. बंद जागेत माणूस उतरवताना गॅस मोजायचं यंत्र लागतं. प्राणवायू कमी झाला किंवा वाफा वाढल्या की ते ओरडतं. त्या उन्हाळ्यात आमचं यंत्र फार ओरडायचं. दमट हवेने ओरडायचं, बॅटरी उतरली तरी ओरडायचं. दिवसातून तीनदा काम थांबवायचं, माणसं वर काढायची, तपासायचं, काही नाही. त्या दिवशी दुपारी ते ओरडलं तेव्हा मी कागदांवर सह्या करत होतो. मान वर न करता म्हणालो, "खोटा आहे. बॅटरी बदला संध्याकाळी."

टाकीच्या तोंडाशी पहाऱ्याला एक बांगलादेशी माणूस होता. त्याचा पगार माझ्या पगाराच्या एक दशांशही नसेल. त्याने माझं ऐकलं नाही. शिट्टी मारली, आतल्या हेल्परचा दोर खेचायला लागला, बाकीचे धावले. पोरगा वर आला तेव्हा बेशुद्ध होता. मोकळ्या हवेत पाच-सात मिनिटांनी डोळे उघडले. त्याने पहिलं काय विचारलं असेल? हेल्मेट कुठाय म्हणून. हरवलं तर पैसे कापतील ही भीती.

खेळाच्या नियमात अविश्वासाची किंमत अविश्वास दाखवणारा स्वतः देतो. खेळीही त्याचीच जाते आणि वारही त्याच्यावरच पडतो. यार्डात तसं नसतं. माझ्या अविश्वासाची किंमत टाकीतला पोरगा देणार होता. त्यानंतर मी यंत्र ओरडलं की आधी माणसं वर काढतो आणि मग बॅटरी बघतो. दिवसातून तीनदा काम थांबलं तरी थांबू दे.

परत खेळाकडे. १९९७ मधे मूळ कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली. आम्ही अजमानच्या फ्लॅटमधे खेळायचो ती हीच, २००३ ची सुधारलेली. तिने जुने पाच रकाने काढून टाकले आणि माणसाच्या तीन शक्ती ठेवल्या: शरीराची काटकता, चपळाई आणि मनाचा निग्रह. विष काटकतेने झेलायचं, आग चपळाईने चुकवायची आणि नजरबंदी निग्रहाने ओळखायची. हिशोबही सरळ झाला. समजा मांत्रिकाच्या मंत्राची कठीणता १४ आहे आणि तुमच्या निग्रहाला २ गुण जादा मिळतात. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. वीसपैकी नऊ आकडे तुमच्या बाजूचे, म्हणजे ४५ टक्के. आता सोबत्याने सांगितलं की हे खोटं आहे, त्याचे ४ जादा धरा. ८ पडले तरी चालतील. तेरा आकडे, ६५ टक्के. शंभरातले वीस लोक जास्त वाचतात, निव्वळ कोणीतरी सांगितलं म्हणून.

पण मुख्य बदल दुसराच. ह्या आवृत्तीने स्पष्ट लिहिलं की नुसतं बघून फासा मिळणार नाही. त्या गोष्टीशी काही संबंध आला पाहिजे किंवा तिचं बारकाईने निरीक्षण केलं पाहिजे. तोवर फासा नाही. आणि फासा वाईट पडला तर एवढाच अर्थ की काही खटकलं नाही. उलट हातात पुरावाच आला तर फासा टाकायची गरजच नाही. आमच्या सातारकरने शेवटी कंटाळून ड्रॅगनला दगड मारला होता. दगड छातीतून आरपार गेला. सूत्रधार म्हणाला, आता कसला फासा, दिसलं ना!

आणखी एक बारकावा ह्या आवृत्तीत आहे. खोटेपणा ओळखला तरी अशी आकृती नाहीशी होत नाही. तिची अर्धपारदर्शक बाह्यरेषा दिसत राहते. आपल्याकडे वेदान्तात भ्रमाचे जे दाखले देतात त्यात हा फरक आहे. दोरीवर दिसणारा साप उजेड आणला की जातो. मृगजळ मात्र कळल्यावरही दिसतच राहतं. हमरियाच्या रस्त्यावरचं पाणी दुसऱ्या जातीचं. आणि माणसाला आयुष्यात ज्या नजरबंद्या भेटतात त्यातल्या बऱ्याच दुसऱ्याच जातीच्या असतात, असा माझा अनुभव आहे.

तो अनुभव असा. नियम पाठ, हिशोब पाठ, आणि २००७ साली मी स्वतः एका बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीपुढे उभा. त्या दिवसांत इथे न बांधलेली घरं विकली जायची. बांधण्याआधी विकायची, आणि विकत घेणारा ती बांधून व्हायच्या आत दुसऱ्याला विकायचा. काचेच्या पेटीत इमारतीची प्रतिकृती होती. काडीएवढी झाडं, पोहण्याच्या तलावात निळा दिवा, बाल्कनीत बोटाच्या पेराएवढी माणसं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीकडे बोट दाखवलं. सांगलीला फोन केला. बायको सगळं ऐकून म्हणाली, "अहो, पण जागा डोळ्यांनी बघून आलात का?"

जागा माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर होती.

मी म्हणालो, "अगं, सगळेच घेतायत. ऑफिसातल्या चौघांनी घेतले." म्हणजे बघा, सोबतीण नीट समजेल असं सांगत होती. चार जादा गुण हातात होते. पण जादा गुण मिळून उपयोग काय, मी फासाच टाकला नाही. दगड मारायला हात उचललाच नाही. पहिले दोन हप्ते भरले, त्यात दोन वर्षांची शिल्लक गेली.

२००८ च्या अखेरीला बाजार कोसळला. काम थांबल्याच्या बातम्या यायला लागल्या. आता तरी मी गाडी काढून जागा बघायला जावं की नाही? नाही गेलो. मी कारणं शोधत बसलो. मंदी आहे, जाईल. ठेकेदार बदलतायत म्हणून उशीर. पाया तर झाला असणार, पायाच तर वेळखाऊ असतो. मी इंजिनियर माणूस, कारणं अगदी तांत्रिक काढली. २०१० च्या सुरुवातीला एकदाचा गेलो. पत्र्याचं कुंपण, उन्हाने पांढरा पडलेला बोर्ड आणि आत एक खड्डा. खड्ड्यात पाणी साचलं होतं. ते मात्र खरं होतं. मी कुंपणातून दगड टाकून बघितला.

पैसे परत मिळाले नाहीत. पुढे २०१४ साली खेळाची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात त्या १९७४ च्या मंत्राचा एक वंशज आहे, एकाच माणसाच्या मनात भास पेरणारा. त्याचं वर्णन वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्याच्यावर हा मंत्र चालला, त्याला दरीवर पूल दिसतो. तो पुलावर पाय टाकतो आणि खाली पडतो. पडूनही वाचला, तर पूल नव्हता हे त्याला पटत नाही. कोणीतरी ढकललं असेल, पाय घसरला असेल, वारा जोराचा होता, असं काहीतरी तो स्वतःच जुळवतो. नियम लिहिणाऱ्याने माझी २००९ सालची डायरी वाचली होती की काय!

त्याच आवृत्तीत साध्या नजरबंदीला मात्र सेव्हिंग थ्रो ठेवलेलाच नाही. हात लावलात तर वस्तू आरपार जाते आणि कळतं. हात न लावता ओळखायचं असेल तर आपली एक खेळी खर्च करून तपासायचं, आणि त्यासाठी निग्रहाऐवजी बुद्धीचा, शोधक नजरेचा फासा. २०२४ च्या सुधारित पुस्तकातही हीच पद्धत राहिली आहे. म्हणजे पन्नास वर्षं फिरून नियम बराचसा १९७४ च्या जागी आला. हात लावा. मधल्या काळात एवढंच कळलं की शंकेला खेळी लागते, ती फुकट नसते, आणि ती खर्च करायची की नाही हे खेळाडूनेच ठरवायचं असतं. सूत्रधार स्वतःहून म्हणणार नाही, बाबा रे, आता फासा टाक.

गायगॅक्स २००८ च्या मार्चमधे गेले, आर्नेसन २००९ च्या एप्रिलमधे. नेमका माझा खड्डा खणून पडला होता तो काळ. आमचा शुक्रवारचा अड्डाही त्याच सुमारास मोडला. ड्राफ्ट्समन घरी परतला, जाताना वीस बाजूंचा एक हिरवा फासा मला देऊन गेला. सातारकर आता साताऱ्यातच असतो, शेती बघतो. फोनवर बोलताना अजून म्हणतो, "माझा विश्वास नाही." विशेषतः सोयाबीनच्या भावाबद्दल.

मागच्या महिन्यात मिरजेकडच्या एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. फिटर आहे. हमरियात नोकरी लागली म्हणून खुशीत होता. एजंटाने पत्र दिलंय, कंपनीचा शिक्का आहे, लेटरहेडवर क्रेनचा फोटो आहे, सत्तर हजार भरायचेत. पत्राचा फोटो त्याने पाठवला. पत्र सुरेख होतं. काचेच्या पेटीइतकंच सुरेख. मला ते खोटं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मी त्याला म्हटलं, "पत्र खरं की खोटं ते मला विचारू नकोस. ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या एजंटांची यादी आहे, त्यात ह्याचं नाव आहे का बघ. एजंटाचं ऑफिस मुंबईत आहे म्हणतोस, तर तिथे कोणाला तरी प्रत्यक्ष पाठव. आणि इथला प्लॉट नंबर मला दे, मी जाऊन येतो."

"काका, एवढ्या उन्हात तुम्ही कशाला?" तो म्हणाला.

शनिवारी गेलो. त्या नंबरचा प्लॉट आहे, पण तिथे लाकडाची वखार आहे आणि वखारवाल्याला फिटर नको आहेत. मुंबईला त्याचा चुलतभाऊ जाऊन आला. त्या पत्त्यावर पंक्चरचं दुकान निघालं. पोराने पैसे भरले नाहीत. त्याच्याबरोबरच्या आणखी दोघांनाही त्याने सांगितलं. त्यातल्या एकाने ऐकलं, एकाने नाही.

परत येताना रस्त्यावर नेहमीचं पाणी होतं. असो.